श्रावणभाऊंचा पाचवा फाऊल

"भाऊ, आज मी हात घेणार नाही."

हे वाक्य मी सकाळपासून मनातल्या मनात घोळवीत होतो. परंतु प्रत्यक्ष उच्चारले तेव्हा ते माझ्याच कानांना परके वाटले. आमच्या संघाचे कर्णधार श्रावणभाऊ भोयर लिंबाखालच्या बाकावर बसून उजव्या गुडघ्यास पट्टी गुंडाळीत होते. पट्टीचे टोक त्यांनी दातांत धरले होते. ते सोडून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"काऊन बे? हाताले का झालं?"

"हाताले काई नाई झालं. पेंडसे साहेब आले हायेत."

"हाव, पाहिलं मी. टोपी घालून बसले हायेत पहिल्या रांगेत." त्यांनी पट्टीला पिन लावली, पाय लांब करून पाहिला आणि तोंड वाकडे केले. "बरं."

"बरं म्हंजे?"

"बरं म्हंजे बरं. नको घेऊ."

एवढ्यावर विषय संपला. मी वाद घालण्याची सर्व तयारी करून आलो होतो. तो वाद न झाल्यामुळे तो माझ्या अंगातच राहिला, आणि सामना सुरू होईपर्यंत मला एका जागी बसवेना. मी बुटांच्या नाड्या सोडीत होतो आणि पुन्हा बांधीत होतो.

हात घेणे म्हणजे काय, हे येथे सांगणे प्राप्त आहे. त्या काळी बास्केटबॉलमध्ये असा नियम होता की, पंचाने शिटी वाजविली म्हणजे ज्याच्याकडून फाऊल घडला असेल त्या खेळाडूने आपला हात डोक्यावर सरळ उंच करावयाचा. पंच त्या हाताकडे पाही, त्याच्या बनियनवरील क्रमांक टेबलाकडे बोटांनी दाखवी, आणि फाऊल त्याच्या नावे लागे. पाच फाऊल झाले की खेळाडू सामन्यातून बाहेर. आता रिंगखाली सहा-सात धिप्पाड माणसे परस्परांस भिडलेली असताना कोणाचा हात कोणास लागला, हे पंचालाही प्रत्येक वेळी दिसत नसे. तो हाताची वाट पाही. आमच्या संघाने या वाट पाहण्याचा लाभ घ्यावयास मी येण्यापूर्वीच आरंभ केला होता. श्रावणभाऊ हे आमचे बास्केट करणारे. ते कोर्टावर टिकले तर सामना टिकला. म्हणून त्यांच्याकडून फाऊल घडला की जो शेजारी असेल त्याने झटकन हात वर करावयाचा. मी संघात आलो तेव्हापासून शेजारी नेहमी मीच असे.

मी गोळीबार चौकातील एका विणकराचा मुलगा, आठवी नापास. उंचीव्यतिरिक्त माझ्यापाशी भांडवल नव्हते. ती उंची पाहूनच आमच्या वायरच्या कारखान्याने मला घेतले. कागदोपत्री मी वायर ओढण्याच्या खात्यातील हेल्पर होतो. प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ चेंडू हेच माझे काम. मी हे काम निष्ठेने केले, आणि हात घेण्याचे कामही त्याच निष्ठेने केले. परिणाम असा झाला की, सामन्याची अखेरची मिनिटे मी सदैव बाकावरून पाहिली. प्रेक्षक मला दांडगट म्हणत. मागील वर्षी निवड समितीचे पेंडसे साहेब आमचे प्रशिक्षक दाणी सर यांना माझ्यासमक्ष म्हणाले होते, "मुलाला उंची आहे, झेपही आहे. पण सामना संपताना हा दिसत नाही हो कधी! बाकावर बसणारा माणूस मी मद्रासला, देशाच्या संघाच्या शिबिरात, नेऊन काय करू?"

दाणी सर काय सांगणार?

यंदा मला पंचविसावे लागले होते. पेंडसे साहेब पुन्हा येतील याची शाश्वती नव्हती. मला बास्केट करावयाचे नव्हते, टाळ्या नको होत्या. मला केवळ अखेरची शिटी कोर्टावर उभे राहून ऐकावयाची होती.

अंतिम सामना अमरावतीच्या संघाशी होता. मैदान उघडे, सिमेंटचे. दिव्यांची सोय नसल्याने सामना चार वाजता सुरू झाला. फेब्रुवारीचा सूर्य पश्चिमेकडील रिंगच्या बरोबर मागे होता, आणि त्या रिंगकडे पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला आठ्या पडत होत्या. हा श्रावणभाऊंचा शेवटचा सामना होता, हे सर्वांना ठाऊक होते. त्यांचा गुडघा निकामी होत चालला होता. सोमवारपासून ते खात्यात कामावर जाणार होते. सामन्यानंतर त्यांना घालण्याकरिता कामगारांनी झेंडूचा हार आणून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवला होता.

पहिल्या अर्ध्यात भाऊंचा पहिला फाऊल झाला. शिटी वाजली. माझा उजवा हात खांद्यापासून उचलू लागला. मी तो खाली ओढला आणि मुठीत चड्डीचे कापड घट्ट धरून उभा राहिलो. पंच मोघे मास्तर हाताची वाट पाहत होते. मग श्रावणभाऊंनी स्वतःचा हात वर केला. तो नीट वरही गेला नाही. कोपरात वाकलेला, वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासारखा.

"अरे वा, भोयर!" मोघे मास्तर म्हणाले. ते शाळेत कवायतीचे शिक्षक होते आणि पंचगिरीही वर्गासारखीच करीत. "आज सूर्य पश्चिमेला उगवला काय?"

"पश्चिमेलेच हाय, मास्तर," भाऊ म्हणाले. "डोळ्यात जाऊन रायला."

मैदान हसले. मी हसलो नाही. माझी मूठ सुटत नव्हती.

त्यानंतर ते प्रत्येक वेळी हात वर करीत गेले. मध्यंतरापर्यंत त्यांचे तीन फाऊल झाले. माझेही तीन झाले, आणि ते निःसंशय माझेच होते; अंगात भरलेली अस्वस्थता कोठेतरी बाहेर पडणारच. मध्यंतरात इस्माईल, जो आमच्याकडे चेंडू पुढे आणण्याचे काम करी, माझ्याजवळ येऊन कुजबुजला.

"दसऱ्या, हात झोपला का तुहा?"

"भाऊले इचार."

"भाऊले का इचारू? भाऊ तं म्हन्ते, हाताले वर हवा लागून रायली." तो रागावला होता. "पाहून घे. शेवटी ते बाहेर गेले तं बॉल कोनाले देऊ मी? पेंडसे साहेबाले?"

दाणी सर काही सांगत होते. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती, शब्द कानात शिरत नव्हते. मी टोपीखालच्या पेंडसे साहेबांकडे पाहत होतो. ते शेंगा सोलीत होते.

उत्तरार्धात आम्ही पश्चिमेकडील रिंग राखीत होतो. अमरावतीचा गावंडे नावाचा उंच, रुंद खेळाडू वारंवार आत घुसे. त्याला अडविताना भाऊंचा चौथा फाऊल झाला, नंतर माझाही चौथा. आता आम्हा दोघांनाही एकेकच उरला होता. गुणफलक बरोबरीत होता. मैदानाच्या कडेला आमचे कामगार डबे वाजवीत होते, आणि मला माझ्या छातीचे ठोके त्या डब्यांपासून वेगळे करता येत नव्हते.

काही मिनिटेच शिल्लक असताना गावंडेने चेंडू घेतला आणि आत झेप घेतली. मी उडी मारली. भाऊ माझ्या अगदी निकट होते, एवढे मला कळले. हवेतच मान रिंगकडे वळली आणि डोळ्यांत सूर्य आला. कोणाचे तरी अंग कोणावर तरी आदळले. गावंडे "आयव!" म्हणून ओरडला आणि शिटी वाजली.

आणि माझा हात वर गेला.

मी तो नेला नाही. इतकी वर्षे शिटी ऐकून वर जाणारा तो हात होता. मूठ जरा सैल पडली, आणि तो निघून गेला. वर गेल्यावरच मला समजले की मी काय केले. मी वळून पाहिले, तर माझ्या शेजारी श्रावणभाऊंचाही हात वर होता. या वेळी तो वाकलेला नव्हता. सरळ होता.

मोघे मास्तर डोळ्यांवर तळहाताची सावली धरून जवळ आले.

"हे काय? फाऊल एक, हात दोन?"

मैदानात हशा पिकला. कोणी तरी ओरडले, "मास्तर, दोघायलेही काढा, पाप कटन!"

"माहा हाय, मास्तर," भाऊ म्हणाले.

"मग हा का हात वर करून उभा आहे?"

"त्याले सवय हाय. दसऱ्या, खाली घे."

मी हात खाली घेतला नाही. माझ्याच्याने ते होईना. ज्यांच्या नावाचे डबे वाजत होते ते भाऊ, त्यांचा अखेरचा सामना, आणि ते माझ्या एका हाताने बाहेर जाणार की राहणार, हे ठरावयाचे होते. इस्माईल दुरून मला खुणावीत होता: राहू दे, तसाच राहू दे.

"हे पाहा," मोघे मास्तर म्हणाले, "मला उन्हात दिसलेले नाही, हे मी कबूल करतो. भोयर, तू कर्णधार आहेस, पोराला वाचवीत असशील. सोनकुसरे, तू सांग. कोणाचा?"

"सांग बे," भाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाले. "खरं तेच सांग. मघाशी का बोलला होता?"

मी सत्य तेच सांगितले. माझी पूर्ण खात्री होती. रिंगखाली शिटी वाजली की फाऊल भाऊंचा असतो, हे मी वर्षानुवर्षे जाणत होतो.

"भाऊंचा," मी म्हणालो, आणि हात खाली घेतला.

मोघे मास्तरांनी टेबलाकडे वळून भाऊंचा क्रमांक दाखविला आणि पंजा उघडून पाच बोटे वर केली. डबे थांबले. भाऊ लंगडत बाहेर गेले. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती इतकी जोरात की मी पुढे सरकलो.

पुढील मिनिटांचे वर्णन मी कसे करावे? ती मिनिटे मी असंख्य वेळा बाकावरून पाहिली होती आणि मला वाटत होते की ती मला पाठ आहेत. ते खरे नव्हते. कोर्ट एकाएकी लांब झाले होते. सर्वजण मोठ्याने ओरडत होते आणि काहीच ऐकू येत नव्हते. इस्माईल चेंडू घेऊन आला, त्याने डाव्या कोपऱ्याकडे पाहिले, जेथे भाऊ उभे असत. तेथे बदली खेळाडू घाबरून उभा होता. इस्माईलने निरुपायाने चेंडू माझ्याकडे फेकला. चेंडू हातात आल्यावर मीही त्याच कोपऱ्याकडे पाहिले.

"मार बे!" बाकावरून भाऊंचा आवाज आला. "तिकडे का पायते, मी अथी हावो! मार!"

मी मारला. तो आत गेला. त्यानंतर गावंडेने दोन गुण केले, इस्माईलने एक केला, अमरावतीने पुन्हा दोन केले. अखेरीस आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चेंडू पुन्हा माझ्याकडे आला. मी फेकला; चेंडू कड्यावर बसला, विचार केल्यासारखा थांबला आणि बाहेर पडला.

शेवटची शिटी मी कोर्टावर उभा राहून ऐकली. सामना आम्ही हरलो होतो.

अमरावतीच्या खेळाडूंनी कप उचलला. आमच्या कामगारांनी पोत्यातून हार काढून भाऊंना घातला, पण घोषणा फारशा झाल्या नाहीत. इतक्यात दाणी सर मजपाशी आले. त्यांचा चेहरा हरलेल्या माणसाचा नव्हता, जिंकलेल्याचाही नव्हता. "पेंडसे साहेब विचारत होते," ते म्हणाले. "आज शेवटपर्यंत दिसला म्हणतात. बक्षीस समारंभ झाला की भेट त्यांना. मद्रास नक्की समज."

पुढे मी मद्रासला गेलो, आणि अनेक वर्षे देशोदेशी खेळलो. वर्तमानपत्रांत माझ्याविषयी जे काही छापून आले ते त्या वाक्यापासून सुरू होते. परंतु त्या क्षणी मला आनंद झाला नाही. मला फक्त पाणी हवे होते.

बक्षीस समारंभाच्या मंडपामागे नळ होता. तेथे गावंडे ओला टॉवेल ओठाला लावून बसला होता. मला पाहताच त्याने टॉवेल काढला. ओठ सुजून टम्म झाला होता.

"काय रे सोनकुसरे, कोपर हाय का खलबत्ता? दात हालला ना माहा!"

"माहं काऊन? भाऊचा हात लागला तुले."

"कोनाचा? श्रावणभाऊचा?" तो हसू लागला, आणि ओठ दुखल्यामुळे मध्येच थांबला. "अबे, त्याचा गुडघा उचलून रायला का? तो उडी मारनच कसा? तो तं खाली उभा होता माह्या मांगं, दोन्ही पाय जमिनीवर. वर तूच होता. पाय तुहं कोपर."

मी कोपर वळवून पाहिले. हाडाच्या वरच्या बाजूस, कातडीत दोन लहान अर्धगोल खुणा उमटल्या होत्या. त्यांच्याभोवती रक्त सुकले होते. मला ते दुखलेही नव्हते.

"मंग तू तवा बोलला काऊन नाई?"

"मी काऊन बोलू?" गावंडे म्हणाला. "तुमचा कप्तान बाहेर जाऊन रायला होता! मी तं देवाले हात जोडले, राजा."

मी तेथून निघालो तो धावतच. श्रावणभाऊ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, बागेतल्या नळाखाली पाय धरून बसले होते. हार त्यांनी काढून शेजारच्या दगडावर ठेवला होता. पट्टी सोडलेली होती आणि गुडघा मडक्याएवढा दिसत होता.

"भाऊ, फाऊल माहा होता."

"कोन म्हन्ते?"

"गावंडे म्हन्ते. हे पाहा." मी कोपर त्यांच्यासमोर धरले.

त्यांनी ते लक्षपूर्वक पाहिले. अंगठ्याने खूण चोळून पाहिली. "इंजेक्शन घेऊन घे," ते म्हणाले. "गावंड्याचा काई भरोसा नाई."

"मस्करी नका करू, भाऊ. तुम्हाले मालूम होतं?"

"मी अथीच होतो ना बे. आंधळा हावो काय?"

"मंग हात काऊन वर केला?"

"तू इतकी वर्सं माह्यासाठी केला. मी कधी इचारलं तुले, काऊन केला म्हनून?"

मी बसलो, आणि बसवेना म्हणून पुन्हा उभा राहिलो. "तुमची शेवटची मॅच होती," मी म्हणालो.

"होती ना. माही होती. तुही थोडीच होती?"

"कप गेला."

"गेला."

"मी मोघे मास्तराले सांगतो. आताच जाऊन सांगतो. पेंडसे साहेबालेही सांगतो."

भाऊंनी प्रथमच आवाज चढविला. "का सांगशीन? का श्रावण भोयर भर मैदानात खोटं बोलला? आजच्या दिवशी मले खोटा पाडतो काय? बस खाली!"

मी खाली बसलो. नळाचे पाणी त्यांच्या गुडघ्यावरून माझ्या बुटांपर्यंत येत होते. पलीकडून दाणी सरांची हाक ऐकू आली, "दशरथ! अरे कुठे आहेस? साहेब थांबलेत!" मी उठलो नाही. जावे तर पाय निघत नव्हता, राहावे तर भाऊंकडे पाहवत नव्हते.

बराच वेळ ते गुडघ्यावर पाणी सोडीत राहिले. मग त्यांनी विचारले, "कसं वाटलं बे?"

"काय?"

"शेवटी. कोर्टावर."

मला खोटे सांगता आले असते. मी म्हणालो, "भेव लागलं, भाऊ. पाय कापत होते. वाटे का बॉल माह्याकडे येऊच नये."

त्यांनी नळ बंद केला. कानात एकदम शांतता झाली.

"मलेही वाटे," ते म्हणाले. "दर मॅचले. तुमी सारे बाकावर बसून हात हालवा, मले वाटे, हे लोक किती सुखात हायेत." ते दगडाला धरून उभे राहू लागले. मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. "आता तू पाहून घे. जाय, हाका मारून रायले तुले."

मी गेलो.